विहिरींची भिंत

“चपला काढ वं पोरी,” सरपंच म्हणाले. “पायाळू माणूस चपला घालून पाणी पाहते का कुठं?”

मी काढल्या. वैशाखातले सकाळचे दहा वाजले होते आणि बोरझरीची जमीन तव्यासारखी तापलेली. मारुतीच्या पारापाशी अख्खं गाव गोळा झालं होतं. पाराच्या बाजूला ट्रकवर चढवलेली बोअर मारायची मशीन उभी होती आणि लेकरं तिला हात लावून पळत होती. त्र्याऐंशी साल होतं, आणि मी एकोणीस वर्षांची. नाव माझं बेबीनंदा. हसू नका, आमच्या चंद्रपुराकडं अशी नावं ठेवतात.

मामला साधा होता. सरकारनं गावाला एक बोअर मंजूर केला होता. एकच. मशीन एका दिवसासाठी आलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गावाला जाणार. आज जिथं भोक पडेल तिथं पाणी लागलं तर लागलं, नाही तर पुढची पाच-सात वर्षं बसा बोंबलत. गावातल्या तिन्ही विहिरी तेव्हा कोरड्या ठक्क होत्या.

जागा कुठली, यावर दोन तट पडले होते. सरपंच मारोतराव बोढे म्हणत, माझ्या फाटकासमोर घ्या, गावात शिरल्या शिरल्या, सगळ्यांच्या सोयीचं. सोयीचं कुणाच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा तट होता खालच्या अंगाच्या, नदीकडच्या ढिवर टोलीचा, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीचा. तिथल्या बाया पहाटे उठून दीड कोस वर्धा नदीच्या पात्रात जायच्या, वाळूत झिरा उकरायच्या आणि वाटी-वाटीनं गुंड-घागरी भरायच्या. सरपंचाच्या फाटकासमोर बोअर म्हणजे त्या बायांनी आयुष्यभर विचारून पाणी न्यायचं. टोलीतली सुगंधा मारबते सातव्या महिन्यात झिऱ्यावरून येताना पडली होती, तिचं लेकरू गेलं. त्याला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. ती सगळ्यांच्या पुढं येऊन उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून.

सरकारी साहेब होते मुळावकर. भूवैज्ञानिक. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, नवी नोकरी, उन्हानं नाक सोललेलं. जमिनीत करंट सोडून पाणी पाहायचं यंत्र म्हणे दुसऱ्या तालुक्यात अडकलं होतं. जवळ फक्त एक नकाशा. त्यांनी तो पारावर पसरला आणि खरं तेच बोलले, “ह्या नकाशात तुमचं अख्खं गाव माझ्या एका बोटाखाली येतं. ह्याच्यावरून हे घर की ते घर, मी नाही सांगू शकत.”

“मंग आमची पायाळू सांगन,” सरपंच म्हणाले.

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. त्याच्या पायाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. मी गावची पायाळू. माझा बाप राघोजी विहिरी खोदायचा, आणि विहिरीची जागा मी चालून दाखवायची. बारा गावांत आमचं असंच चालायचं. आणि सरपंचांनी मला पुढं केलं, कारण आदल्या दिवशी त्यांच्या घरून आमच्याकडं नवं कोरं लुगडं आलं होतं. ते मी संध्याकाळीच त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, हे मात्र त्यांना अजून घरात कुणी सांगितलेलं नसावं.

हातात शेंडीचा नारळ घेऊन मी गावाच्या वेशीपासून निघाले. मागं सगळं गाव. सरपंचाचं फाटक आलं तसे ते मोठ्यानं खाकरले.

“इथं जरा दम खा पोरी. पाय काय म्हणते ते पाहा.”

“पाय म्हणते, चाल पुढं,” मी म्हटलं.

मारुती मागं पडला, शाळा मागं पडली. तळपाय पोळून निघत होते. उतार संपून टोली लागली. तिथं मोहाच्या झाडापाशी एक अर्धवट खोदलेली, ढासळलेली विहीर होती. तिच्या काठापासून दहा पावलांवर मी थांबले आणि नारळ जमिनीवर ठेवला.

“इथं.”

सुगंधानं डोळे मिटले. सरपंचांचा चेहरा मात्र लाल झाला नाही की काळा पडला नाही. ते नुसते हसले, आणि तेव्हाच मी ओळखलं. माणूस तयारीनं आला होता.

“एका पायाळूवर कोण इसवास ठेवते आजकाल?” ते साहेबांना म्हणाले. “हा माहा भाचा, दिवाकर. वरोऱ्याचा. हाही पायाळूच हाये. याचेही पाय पाहून घ्या.”

सगळे वर पारापाशी परतले आणि टेरिलीनची पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, नारळ घेऊन दिवाकरराव निघाले. जमीन पोळत होती, त्यामुळं दर दोन पावलांना उडी. सरपंचाच्या फाटकासमोर पोचताच त्यांना असा काही थरकाप सुटला की विचारू नका. मान हलते आहे, हात हलतात, नारळ तर उडून गटारात पडला.

“ऊन लागलं वाटते गा याले,” सुगंधा म्हणाली. “कोणी कांदा हुंगवा.”

बाया फिसकन हसल्या. पण पुरुष हसले नाहीत. आता दोन पायाळू झाले होते आणि दोन जागा. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“बाईमाणसाच्या पायापरीस गड्याचा पाय पक्का,” सरपंच म्हणाले. “त्यात ही पोट्टी. कोणत्या दिवसात हाये, कोणत्या नाही, कोणाले ठाऊक? घ्या साहेब, फाटकासमोर घ्या.”

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “मला संध्याकाळपर्यंत काम उरकायचं आहे. लावा मशीन.”

ड्रायव्हर ट्रकवर चढला. सुगंधाच्या तोंडातून पदर सुटला. ती रडली नाही, नुसती वळली आणि टोलीकडं चालू लागली. झिऱ्यावरची दुसरी खेप बाकी होती तिची. आणि माझं डोकं फिरलं. त्या दिवसाआधी असं कधी फिरलं नव्हतं, नंतर मात्र सवयच लागली.

“साहेब!” मी ओरडले. “माझ्या पायाचं सोडा. ह्याच्याही पायाचं सोडा. मी पायाळू नाहीच.”

ट्रक चालू होता होता बंद झाला. पारावरच्या म्हाताऱ्याचा अडकित्ता थांबला.

“काय बोलली?” सरपंच म्हणाले.

“पायाळू नाही मी. जगासारखी डोक्याकडून आले. पायाला काही कळत नाही. नुसते पोळतात.”

तुम्हाला आज त्याचं काही वाटणार नाही. पण बारा गावांनी मला हळद-कुंकू लावलं होतं. माझे पाय धुऊन लोकांनी विहिरींना कुदळ लावली होती. आणि माझा बाप तिथंच, पाराच्या कडेला, काठीवर हनुवटी टेकून बसला होता. दगडाच्या भुकटीनं त्याची छाती गेलेली, दहा पावलं चालला की खोकल्याची उबळ. जे काही थोडंफार काम त्याच्या नावावर यायचं ते माझ्या पायांमुळं. मी माझ्याच बापाच्या तोंडातला घास काढला होता, सगळ्या गावासमोर, त्याला न विचारता.

सरपंच त्याच्याकडं वळले. “राघोजी, तू सांग. मारुतीच्या पारावर बसला हायेस, खोटं बोलू नको. पोरगी पायाळू हाये का नाई?”

बाप लवकर उठला नाही. मला वाटलं, आता हा म्हणेल, पोरीला ऊन लागलं, येड्यावाणी बोलून राहिली. तसं म्हणाला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. तो काठी टेकत टेकत उभा राहिला.

“नाई,” तो म्हणाला. “पायाळू नाई ते.”

“मंग इतकी वर्षं आम्हाले—”

“फसवलं. हो, फसवलं. काहून फसवलं तेही ऐका आता.” खोकला आला, तो थांबला, पुन्हा बोलला. “हिची माय मेली तवा हे सात वर्षांची. मी विहिरीत उतरलो तर वर दोर धराले कोणी नाई. पोरीले संगं आणलं तर तुमच्याच बापांनी सांगितलं, बाईची सावली पडली तर पाणी पळते. दोन दिवस उपाशी राहिलो आम्ही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, हे पायाळू हाये. तर तुम्हीच हिचे पाय धुतले अन् तुम्हीच हिले पाटीत बसवून खाली सोडली. पळालं का पाणी? बारा गावांत कुठं पळालं, दाखवा!”



मला हे चौदाव्या वर्षी कळलं होतं. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की लोक माझ्यापासून लांब सरकायचे. मी घरात पलंगाखाली शिरून कानात बोटं घालायची. अशाच एका पावसात बापानं मला बाहेर ओढून काढलं, मांडीवर घेतलं आणि कानात खरं सांगितलं. मी त्या दिवशी अंगणात जाऊन भिजले. पण लोकांना कुठं ठाऊक होतं? विजेच्या भीतीनं माझ्या दोन सोयरिकी मोडल्या. एक मुलगा मला आवडलाही होता. जाऊ द्या.

“म्हणजे पोरीची जागा खोटी,” सरपंच म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. “कबूल केलं तिनंच. लावा साहेब मशीन.”

“जागा खोटी नाही. पाय खोटे,” मी म्हटलं. “साहेब, तुम्हाला दगड कळतात ना? मग माझ्या घरी चला. दूर नाही, ते काय देवळामागं. तुमचा ट्रक तोवर सावलीत राहील.”

“घरी काय आहे?”

“भिंत.”

गाव हसलं. त्या भिंतीला सगळे राघोजीचं येड म्हणायचे. पण साहेब काय वाटून कोण जाणे, निघाले. मग सगळेच निघाले. सुगंधाही परत फिरली.

आमच्या घरामागं गोठ्याची मातीची भिंत होती. बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून विहीर खोदताना दर हाताला, म्हणजे दीड-दीड फुटाला, जो दगड निघेल त्याचा दोन बोटांचा तुकडा तो गमज्यात बांधून आणायचा आणि भिंतीत चिणायचा. वरच्या हाताचा तुकडा वर, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. एका विहिरीची एक रांग, वरून खाली. कुठल्या गावाला किती हातांवर कडक लागतं आणि कुठं भुसभुशीत, हे विसरलं तर पुढच्या विहिरीत दरड अंगावर येते, असं तो म्हणायचा. आंघोळ करायच्या आधी तो तुकडा चिणायचा. गावातल्या विहिरींच्या रांगा तर त्यानं विहिरी जशा जमिनीवर आहेत तशाच क्रमानं लावल्या होत्या.

साहेब भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांच्या हातातला नकाशा हळूहळू खाली गेला.

“हे कुणी केलं?”

“माह्या बापानं. आता पाहा.” घाईत मी आमच्या बोलीवर आले होते. “ही पहिली रांग सरपंचाच्या विहिरीची. वर मुरूम. मग हा पिवळा रेतीचा दगड, हातानं चोळला तर रेती होते. पाणी ह्यातच राहते. आठव्या हाताला हा करडा, पानाचा.”

मी बोट ठेवलं. त्या तुकड्यावर पान उमटलेलं होतं. जिभेच्या आकाराचं, मधली शीर, बाजूच्या बारीक शिरा, सगळं. लहानपणी मला वाटायचं कुणी कोरून ठेवलंय.

“त्याच्या खाली सगळा लाल चिकण दगड. त्यात थेंब नाही. आठ हातांत कितीक पाणी राहणार? सरपंचाची विहीर संक्रांतीलेच आटते. आता ही मारुतीची. पानाचा दगड कुठं हाये? सतराव्या हाताला. ती होळीपावतर टिकते. ही शाळेची. पान अठ्ठावीस हातांवर. ती पाडव्यापावतर.”

साहेब गुडघ्यावर बसले होते. खिशातून भिंग काढून त्यांनी ते पानावर धरलं, मग दुसऱ्या रांगेतल्या पानावर, मग तिसऱ्या.

“थर तिरपा आहे,” ते स्वतःशीच बोलले. “तुमच्या गावाखालचा सगळा थर नदीकडं उतरत गेलाय.”

“तेच सांगून रायली मी. ही शेवटची रांग पाहा. टोलीची ढासळलेली विहीर. पंचवीस हात खोदली, सगळा पिवळाच. पान लागलंच नाही. पण शेवटचे दोन दगड ओले होते. तिथं बाजू फसली अन् बाप छातीपावतर गाडल्या गेला. मी वरून दोर ओढला. पुढं हातानं खोदणं शक्य नव्हतं. तुमच्या मशीनले शक्य हाये.”

त्या रांगेखाली भिंतीत जागा कोरी होती. बापानं सोडून ठेवलेली. साहेबांनी त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवला.

“सदतीस-अडतीस हातांवर पान लागेल,” ते म्हणाले. “तोवर सगळा पाणी धरणारा दगड.”

“पण मशीन त्याच्याही खाली जाते ना?” सरपंच म्हणाले. “माह्या फाटकासमोर दीडशे फूट जाऊ द्या. लाल दगडाखाली लागन पाणी.”

“लाल थर ह्या पट्ट्यात दोनशे फुटांहून जास्त जाड आहे सरपंच. तेवढं मात्र माझ्या नकाशात आहे.”

“आणि हे पान कायचं हो साहेब?” सुगंधानं विचारलं.

“खरंच झाडाचं पान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं पाणथळ जागा होती, तिच्या गाळात पडलेलं.”

“तवाचं पाणी राहू द्या,” ती म्हणाली. “आताचं बोला.”

सरपंच साहेबांच्या अगदी जवळ गेले. “एका अडाणी माणसाच्या भिंतीवरून सरकारी काम करता? मी वर कळवीन. पाणी नाई लागलं तर नोकरी राहणार नाई तुमची.”

साहेब घाबरले. स्पष्ट दिसलं. नवी नोकरी, सोललेलं नाक, आणि समोर तालुक्यात वजन असलेला माणूस. ते माझ्याकडं पाहायला लागले.

“पाणी नाही लागलं तर ही भिंत मी पाडीन,” मी म्हटलं. “कुदळीनं, माझ्या हातानं, तुमच्यादेखत. आणि मी अन् बाप गाव सोडून जाऊ. लिहून पाहिजे तर लिहून घ्या, मला सही येते.”

बाप मागून म्हणाला, “मले येत नाही, मी अंगठा देतो.”

साहेबांनी भिंग खिशात टाकलं. “मशीन टोलीत लावा,” ते ड्रायव्हरला म्हणाले, आणि मग सरपंचांना, “कळवा वर. मीही भिंतीचा फोटो पाठवतो.”

दुपारी एकला मशीननं टोलीत दात रोवले. पिवळी भुकटी उडायला लागली आणि आम्ही सगळे पिवळे झालो. बाप मोहाखाली बसून भोकात जाणारे रॉड मोजत होता आणि फुटांचे हात करून मोठ्यानं सांगत होता. दहा हात, पिवळा. वीस हात, पिवळा. सरपंच खाटेवर बसून पान चघळत होते. पंचविसाव्या हाताला भुकटी ओलसर झाली, सव्विसाव्याला पुन्हा कोरडी, आणि माझे पाय खरोखर थरथरले. पाण्यानं नाही, भीतीनं. त्या भिंतीवर माझ्या बापाचा जन्म गेला होता आणि मी ती एका शब्दात डावावर लावली होती.

तिसाव्या हाताला चिखल आला. बत्तिसाव्याला पाणी. आधी नळीतून थुंकल्यासारखं, मग एकदम उसळून पुरुषभर उंच. गढूळ, पिवळं, गार. लोक ओरडत सुटले. सुगंधा त्याच्याखाली तशीच उभी राहिली, लुगड्यासकट, तोंड वर करून. आता ती रडत होती. मीही रडले, सांगायला लाज कसली?

अडतिसाव्या हाताला करडा गाळ आला. बापानं तो चिमटीत घेऊन चोळला आणि साहेबांना दाखवला. 

आता खरी गंमत ऐका. संध्याकाळ व्हायच्या आत गावानं ठरवून टाकलं की राघोजी खोटं बोलला. पोरीला दृष्ट लागू नये, तिचं लग्न जमावं, म्हणून पारावर नाही म्हणाला. पायाळू तर ती आहेच! त्याशिवाय पाणी लागतं का? हद्द झाली. खोटं होतं तेव्हा तुमचा विश्वास, आणि खरं सांगितलं तर तेच खोटं.

सरपंचांची बायको स्वतः तांब्या, ताट, हळद-कुंकू घेऊन आमच्या अंगणात आली. बाई मनानं चांगली होती. “पाय पुढं कर वं बाई,” ती म्हणाली. “माह्या विहिरीचंही काही पाहा.”

मी पाय मागं घेतले आणि चपला घातल्या. “काकू, पाय नाही धुवायचे. तुमच्या विहिरीत आठ हात दगड हाये पाण्याचा. ते माझ्या पायानं नऊ होणार नाहीत.”

ती तांब्या तिथंच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी पाहते तर भिंतीतल्या पानांना कुणीतरी कुंकू लावून ठेवलेलं. मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, मी पुन्हा पुसलं. आठवडाभर हे चाललं. शेवटी लावणारा दमला, मी नाही दमले.

मशीन गेल्यावर बापानं टोलीच्या रांगेखालची कोरी जागा दाखवली. माझ्या पदरात मशीनमधून निघालेला चुरा बांधलेला होता, हात-हाताचा वेगळा. पिवळा, ओला पिवळा, आणि सगळ्यात खाली करडा. आजवर भिंतीत दगड त्यानंच चिणले होते, मला कधी हात लावू दिला नव्हता.

“तू लाव,” तो म्हणाला.

मी मातीत कालवून एकेक हात लावला. तो काठीवर हनुवटी टेकून पाहत होता आणि वाकडं गेलं की नुसतं खोकायचा.

पावसाळ्यानंतर वणीकडच्या एका गावची चार माणसं बैलगाडी घेऊन दारात आली. गाडीत नारळ, नवी पाटी, पाय धुवायला पितळेचं घंगाळसुद्धा.

“पायाळू बाई इथंच राहते ना?” त्यांनी विचारलं.

“इथं कोणी पायाळू नाही,” मी म्हटलं. “दगड ओळखणारी बाई पाहिजे असेल तर थांबा. चपला घालून येते.”